अकरा चिठ्ठ्या

१ एप्रिल, मंगळवार

नव्या वहीच्या पहिल्या पानावर, दर वेळेसारखी, मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूंची यादी. जुनी यादी न पाहता लिहितो. जे आठवणार नाही ते नीट केलं नसणार.

ही वही. कागद कापून, दोऱ्यानं शिवून, खळ लावून पुठ्ठा बसवला. शहाण्णव पानं.
जेवणाचं टेबल, सागवानी, एकही खिळा नाही.
टाकी भरली की वाजणारा भोंगा. (शेजारच्यांनी बाजारातून आणलेला पाऊस पडला तरी वाजतो.)
बैठकीतला रेडिओ, पेटीसकट.
मुलीचा, यशश्रीचा, पाळणा. सध्या माळ्यावर.
थान.
घुसळण.

थान म्हणजे कापडाच्या दुकानाचा प्रोग्रॅम. थान किती मीटरचं आलं, किती कापलं, तुकडा किती उरला, गिऱ्हाइकाचं बिल, आणि प्रत्येक तुकड्यावर चिकटवायची चिठ्ठी. सतरा वर्षं झाली. त्रेचाळीस दुकानं, त्यातली एकोणतीस इथं जबलपुरात, एकट्या बड़ा फुहाऱ्याच्या कापडबाजारातली. मी बी.कॉम., तेही थर्ड क्लास. प्रोग्रॅमिंग शिकलो ते फूटपाथवर घेतलेल्या एका पुस्तकातून, ज्याची शेवटची तीस पानं फाटलेली होती. ती तीस पानं मी माझी मी शोधून काढली. कॉलेजातून निघालेल्या इंजिनिअरांना सगळी पानं आयती मिळतात, म्हणून त्यांना काही येत नाही. (थानमधली मदतीची पानं माझ्या बायकोनं, नंदानं, लिहिली आहेत. ती कोडमध्ये मोजत नाहीत.)

घुसळण ताजी आहे. फेब्रुवारीत नागपूरहून श्रीरंग मुळावकर नावाचा एक इसम आला होता. दुकानांचे प्रोग्रॅम विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस. टोकदार बूट, आणि बूट दाराबाहेर काढताना मोजासुद्धा नाही. दोन कप चहा प्याला, मदतीच्या पानांचं कौतुक केलं, आणि मग म्हणाला, "काका, थान एकदा आतून पाहता आलं असतं तर बरं झालं असतं."

आतून! लग्नाची मुलगी पाहायला आलेलासुद्धा असं बोलत नाही.

त्याच दिवशी ठरवलं. तयार प्रोग्रॅम उघडून आतलं कोड वाचायची हत्यारं आजकाल फुकट मिळतात. माझ्या कोडमधली सगळी नावं मी शुद्ध मराठी ठेवली आहेत: मापणी, कटपीस, गिऱ्हाईक, चिठ्ठी. कोणीही वाचावं आणि समजावं. तेच नको. घुसळण ही सगळी नावं काढून त्या जागी अर्थ नसलेली अक्षरं घालते. मापणीचं क४, कटपीसचं ढ९, चिठ्ठीचं ट७. काम तेच, वाचणाऱ्याला मात्र भुसा. असले प्रोग्रॅम विकतही मिळतात. दुसऱ्यानं केलेलं कुलूप स्वतःच्या दाराला लावणारी माणसं वेगळी.

आज घरी घुसळलेलं थान चालवून पाहिलं. बिल निघालं, माप निघालं, चिठ्ठी छापली. परवा अनुपमच्या दुकानी टाकतो.

३ एप्रिल, गुरुवार

बड़ा फुहारा. अनुपम जैन हे माझं पहिलं गिऱ्हाईक, पण सतरा वर्षांत त्याला माऊस सरळ धरता आला नाही. जुनं थान रीतसर काढलं, नवं रीतसर टाकलं. माझा इन्स्टॉलर आधी जुन्याची एक-एक खूण पुसतो आणि मगच नवं ठेवतो. एवढी स्वच्छता मोठमोठ्या कंपन्या पाळत नाहीत.

घरी पोचतो न पोचतो तर फोन.

"देशकर जी, बिल तो निकल रहा है, चिट्ठी नहीं निकल रही."

"चिठ्ठीचं मशीन ऑन आहे का?"

"भाई साहब, सत्रह साल से ऑन कर रहे हैं."

कागद संपला असेल. कागद संपला की ही माणसं प्रोग्रॅमला शिव्या देतात.

४ एप्रिल, शुक्रवार

कागद संपला नव्हता.

मशीन ठीक, तार ठीक. थानमधून "चिठ्ठी छापा" म्हटलं की मशीनसोबत आलेला त्याचा तो छोटा प्रोग्रॅम उघडतो, एक घटका विचार करतो आणि म्हणतो, सापडत नाही. काय सापडत नाही ते सांगायची त्याला अक्कल नाही. त्याच कम्प्युटरवर बिलाच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की थान बरोबर उघडतं. म्हणजे थान निर्दोष.

काउंटरवर सलोनी नावाची बाई बसते. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, बारावी पास. कुठून तरी मिळालेल्या खताच्या कंपनीच्या डायरीत काहीतरी खरडत असते. मला म्हणाली, "अंकल जी, मैंने लिखके रखा है, क्या-क्या चल रहा है, क्या नहीं. देखेंगे?"

अंकल जी! मी म्हटलं, बेटा, तू बिलं लिही.

अनुपम म्हणाला, "पुराना वाला ही वापस डाल दो ना. पुराने में क्या कमी थी?"

कमी काही नव्हती. पण जुनं म्हणजे उघडं. जुनं टाकलं की मुळावकरनं इथं एक पेन ड्राइव्ह लावावा आणि थान खिशात घालून नागपूरला न्यावं. हे कापडवाल्याला कोण समजावणार. मी म्हटलं, मागे जायचं नाही.

६ एप्रिल, रविवार

यशश्रीचा पुण्याहून फोन. दर रविवारी येतो. तिची कंपनी सॉफ्टवेअर करते म्हणतात. मी विचारलं की काय करतेस, तर ती सांगते मीटिंग. नंदानं माझ्या परवानगीशिवाय तिला चिठ्ठीचं सांगितलं.

"बाबा, तुम्ही नावं बदलली ना सगळी? मग बाहेरून जो नाव घेऊन हाक मारून राहिला त्याला कोण ओ देणार? ते चिठ्ठीवालं मशीन विंडोजला विचारतं, थानची चिठ्ठी कुठे राहते. विंडोज आपल्या नोंदीत पाहतं. तिथं आता चिठ्ठी नाहीच, ट७ का काय ते आहे."

"मग माझ्याकडे काहून छापून राहिली?"

"अच्छा, तुमच्याकडे छापते? हां, तुमच्याकडे ना, जुनी…"

"माझ्याकडे छापते म्हणजे थान बरोबर आहे," मी म्हटलं, आणि फोन नंदाला दिला. सहाशे मैलांवरून एकदाही मशीन न पाहता निदान करतात. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला.

त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. शाळेचं काहीतरी.

७ एप्रिल, सोमवार

शहपुऱ्याला गेलो. तिथला कापडवाला योगेश इतका आळशी की त्यानं जुनं थान काढलंच नाही. "जो है वो रहने दो भैया, ऊपर से डाल दो." मी तत्त्व म्हणून विरोध केला, मग कंटाळून नवं तसंच वरून कॉपी केलं.

चिठ्ठी छापली. पहिल्या फटक्यात.

सिद्ध झालं. माझ्या घरी चालतं, शहपुऱ्याला चालतं, म्हणजे दोष अनुपमच्या काउंटरवरच्या कम्प्युटरात. सतरा वर्षं अगरबत्तीचा धूर खाल्लेलं मशीन आहे ते. पंखा काढला तर आत बत्तासा सापडेल.

९ एप्रिल, बुधवार

अनुपमचा काउंटरवरचा कम्प्युटर पूर्ण पुसला आणि विंडोजपासून सगळं नव्यानं बसवलं. साडेपाच तास. तेवढा वेळ सलोनीनं हातानं बिलं लिहिली आणि तिच्यासमोर रांग लागली होती. अनुपम प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता, "इंजीनियर साहब आए हैं." मी इंजिनिअर नाही हे त्याला दहा वेळा सांगितलं आहे. त्याला वाटतं मी लाजतो.

संध्याकाळी चिठ्ठी छापली नाही.

मी असताना सलोनी तीनदा जिना चढून वरच्या गोदामात गेली आणि मूठभर चिठ्ठ्या घेऊन खाली आली. "गोदाम वाले में निकल रही है, अंकल जी. वहाँ मैंने खुद डाला था."

वरचा कम्प्युटर मी तपासलासुद्धा नाही. बायकांनी खुद डालेल्या गोष्टी मी तपासत नाही. जुन्या छापून ठेवलेल्या चिठ्ठ्या आणत असणार.

११ एप्रिल, शुक्रवार

अँटिव्हायरस. शंभर टक्के. घुसळलेलं कोड पाहून त्याला संशय येत असणार. चोराला चोर ओळखतो, यानं शहाण्याला चोर ठरवलं.

१२ एप्रिल, शनिवार

अँटिव्हायरस काढला. काही नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

अनुपमनं बोलावून घेतलं. गादीवर बसवलं, लस्सी मागवली. लस्सी मागवली की काहीतरी वाईट सांगायचं असतं, हे मला एव्हाना कळतं.

"भाई साहब, तीस तारीख को अक्ती है, अक्षय तृतीया. उस दिन शहर में कितनी शादियाँ हैं, आपको पता है? मैं हर टुकड़े पर हाथ से दाम लिखूँगा क्या? सलोनी दिन भर ऊपर-नीचे कर रही है, उसके घुटने देखो." मग जरा खाली पाहून, "नागपुर वाले आए थे. उनका भी एक प्रोग्राम है. मैंने कहा, नहीं, हमारे देशकर जी हैं. लेकिन अट्ठाईस तक कर दो. नहीं तो बड़े भैया मेरी सुनेंगे नहीं."

अठ्ठावीस. म्हणजे सतरा वर्षांचं माप तेरा दिवसांत.

अनुपम गेला की त्याच्या मागोमाग सगळा फुहारा जाईल. ही माणसं प्रोग्रॅम घेत नाहीत, शेजाऱ्याचं पाहून घेतात. असं नसतं तर त्यांनी मलाही घेतलं नसतं, हा विचार आला. खोडत नाही. आला तसा लिहिला.

निघताना सलोनीनं पुन्हा ती खताची डायरी पुढे केली. मी चष्मा घरी विसरलो म्हणालो. चष्मा खिशात होता, आणि तिनं तो पाहिला.

१९ एप्रिल, शनिवार

घुसळणीच्या एक-एक ओळीतून पुन्हा गेलो. चार हजार एकशे बारा ओळी. चूक नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं, हे प्रामाणिकपणे लिहितो.

नंदा नर्मदेवर ग्वारीघाटला एकटीच गेली. दिवा सोडून आली म्हणे. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाली, "उगीच."

२२ एप्रिल, मंगळवार

नंदाच्या शाळेतला मराठी विभाग या महिन्यात बंद होतोय. पोरं नाहीत. जबलपुरात मराठी आडनावांची कमी नाही, पण आई-बापच घरी "बेटा, शूज पहनो" म्हणणार तर शाळेत कोण येणार. चौथीत अकरा पोरं उरली. शनिवारी त्यांचा निरोप, आणि नंदाचाही. सत्तावीस वर्षं झाली तिला तिथं. नंतर शाळेत तिच्यासाठी जागा नाही, असं हेडमास्तरनं सांगितलं. हा हेडमास्तर भूगोलाचा एम.ए. आहे आणि शाळेच्या आवारात उत्तर दिशा चुकीची रंगवली आहे.

रात्री जेवताना म्हणाली, "अहो, पोरांना एक-एक गोष्टीचं पुस्तक देऊन राहिले मी. त्यावर नावाच्या चिठ्ठ्या पाहिजे होत्या. तुमच्या मशीनवर छान निघतात. अकराच आहेत."

मी म्हटलं, अकरा म्हणजे दोन मिनिटं. नावं टाइप करून ठेव.

तिनं लगेच ठेवली.

२६ एप्रिल, शनिवार

आजची नोंद वेळेसकट लिहितो. पुढे कोणी विचारलं तर घोळ नको.

९.२० : चिठ्ठ्यांची आठवण नंदानं केली. माझा कम्प्युटर तपासणीला लावलेला, दुपारपर्यंत हात लावायचा नाही. म्हणून तिच्या लॅपटॉपवर थान टाकायचं ठरवलं. त्यावर थान कधीच नव्हतं, म्हणून इन्स्टॉलरनं रीतसर.

९.४५ : मशीन जोडलं, "चिठ्ठी छापा" म्हटलं. सापडत नाही.

मी खुर्चीतून उठलोच. तेवीस दिवस जो बिघाड फुहाऱ्याच्या धुरात शोधत होतो तो माझ्या घरी, माझ्या टेबलावर, एकही खिळा नसलेल्या टेबलावर आला होता! धूर नाही, अगरबत्ती नाही, अनुपम नाही.

नंदा हिरवी साडी नेसून दारात उभी. "होऊन राहिलं का?"

"थांब. मिळाला."

"कोण?"

१०.१५ : विंडोजची नोंदवही उघडली. ही वही सहसा कोणी उघडत नाही. कोणता प्रोग्रॅम कुठे राहतो ते तिच्यात नावानिशी लिहिलेलं असतं.

"अहो, साडेदहा झाले. अकराला कार्यक्रम आहे."

"आता हात लावू नको त्याला. सगळं हलेल."

"लॅपटॉप न्यायचा आहे मला. भाषण त्यात आहे माझं."

"सत्तावीस वर्षं शिकवलं त्यांना. भाषण पाठ नाही?"

तिनं कपाटातून स्केच पेन काढलं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पुस्तकांवर नावं हातानं लिहिली. तिचं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. एक नाव लिहिताना शाई जरा पसरली. तिनं फुंकर मारली आणि पुस्तकं पिशवीत भरली.

१०.५० : ऑटोनं गेली. "तुम्ही येणार होते," एवढं म्हणाली. मी मान हलवली. कोणत्या अर्थानं ते आता आठवत नाही.

१.१० : सापडलं.

मशीनचा प्रोग्रॅम विंडोजला नावानं विचारतो: थानची चिठ्ठी कुठे? नव्या लॅपटॉपच्या नोंदवहीत चिठ्ठी नावाचं काही नाही. ट७ आहे. घुसळणीनं चिठ्ठीचं नाव बदललं, चिठ्ठीनं नोंदवहीत नवं नाव लिहिलं, आणि बाहेरचा माणूस जुन्या नावानं हाका मारत दारातून परत गेला. बिलाच्या फाइलीवर क्लिक केलं की थान उघडतं, कारण तिथं फाइलच्या नावानं बोलावतात, आणि फाइलचं नाव मी बदललं नव्हतं. माझ्या घरी चिठ्ठी छापते, कारण मी स्वतःच्या कम्प्युटरवर कधी काही इन्स्टॉल करत नाही, फक्त कॉपी करतो. जुनी नोंद तशीच पडून आहे. चिठ्ठी तिथं सतरा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर राहते आणि दार उघडते. शहपुऱ्याचा योगेशही आळशी, म्हणून तिथंही.

म्हणजे जिथं मी नीटनेटकेपणा केला तिथंच मोडलं. स्वच्छ इन्स्टॉलर हा दोष ठरला. हे मी मान्य करत नाही, फक्त नोंदवतो.

संध्याकाळी नंदा आली. हारासकट. मी लगेच सांगितलं, पूर्ण, पहिल्यापासून, नोंदवही कशी उघडली ते. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "अच्छा." मग हार रेडिओवर ठेवून आत गेली. झेंडूचे डाग पॉलिशवर बसतात, हे तिला माहीत आहे.

२७ एप्रिल, रविवार

दुरुस्ती एका ओळीची निघाली. घुसळणीला एक यादी दिली: या नावांना हात लावायचा नाही. यादीत एकच नाव, चिठ्ठी. बाकी सगळं घुसळायला मोकळं.

सकाळी नंदाच्याच लॅपटॉपवर पुन्हा टाकलं. तपासायला हाताशी तिनं टाइप केलेली अकरा नावं होती, तीच छापली. अकराच्या अकरा. कडा सरळ, अक्षरं काळीभोर, मध्यभागी. स्केच पेननं असं होत नाही.

पुरावा म्हणून त्या इथं चिकटवतो. पान ३१ आणि ३२. तिथं काही लिहायचं नाही.

यशश्रीचा फोन. मी सांगितलं, शोधून काढलं. काय होतं तेही सांगितलं, सोप्या शब्दांत, तिला समजेल असं.

"अच्छा. चांगलं झालं, बाबा." मग, "आईचा कार्यक्रम कसा झाला?"

मी म्हटलं, आईला विचार.

२८ एप्रिल, सोमवार

बड़ा फुहारा. दहा मिनिटांत टाकलं. चिठ्ठी निघाली. अनुपमनं पहिली चिठ्ठी गणपतीच्या फोटोला चिकटवली. मी म्हटलं तिच्यावर आठशे चाळीस रुपये मीटर लिहिलं आहे. तो म्हणाला, "भगवान से क्या छुपाना."

पुढच्या वर्षाचं विचारलं तर, "अक्ती निकल जाने दो, फिर बैठते हैं." लस्सी मागवली नाही. चांगलं की वाईट ते कळलं नाही.

सलोनी ती खताची डायरी काउंटरवर उघडी ठेवून गिऱ्हाइकाला कापड दाखवायला गेली. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. वाचली.

पानाच्या मध्ये रेघ मारून दोन रकाने. चला. नहीं चला. तारीख, वेळ, कोणत्या कम्प्युटरवर. ५ एप्रिलला, म्हणजे मी टाकल्यावर तिसऱ्या दिवशी, तिनं लिहिलं होतं: "नीचे: पुराना हटाकर डाला, नहीं चला. गोदाम: पुराना हटाए बिना डाला, चला. शायद नया वाला पुराने का कुछ इस्तेमाल कर रहा है, अंकल जी को दिखाना है." शेवटच्या पाच शब्दांखाली रेघ. त्याखाली सहा तारखा, प्रत्येकीसमोर "नहीं देखा."

तारखा मी माझ्या वहीशी ताडून पाहिल्या. दोन चुकल्या आहेत. मी ८ तारखेला दुकानात गेलोच नव्हतो, आणि ११ ला मी अनुपमशी फोनवर बोललो होतो, समोर नव्हतो. उरलेल्या चार बरोबर आहेत.

डायरी होती तशी, त्याच पानावर, ठेवली. ती परत आली तेव्हा मी तार गुंडाळत होतो.

"निकल गई ना, अंकल जी?"

"निघाली."

"मैंने बोला था," असं ती म्हणाली नाही. मी वाट पाहिली, पण म्हणाली नाही. वर जाऊन गोदामातलं मशीन खाली घेऊन आली, एवढंच.

१ मे, गुरुवार

इथल्याच गोरखपूर भागातल्या दोन दुकानांनी थान काढून नागपूरवाल्यांचं घेतलं. त्यांना एप्रिलभर कोणी नीट उत्तर दिलं नाही म्हणे. एप्रिलभर मी काय करत होतो हे त्यांना माहीत असतं तर पाया पडले असते. त्रेचाळीसचे एक्केचाळीस.

नंदा दिवसभर घरी होती. तिला घरी असायची सवय नाही. दुपारी तीन वाजता तिनं कपाटातली सगळी भांडी काढून पुन्हा लावली.

२ मे, शुक्रवार

मुळावकर पुन्हा आला. या वेळी मोजे होते. बैठकीत बसला आणि कागद टेबलावर ठेवला. आधी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "काका, हे तुम्ही केलं?" मी म्हटलं, एकही खिळा नाही. तो खाली वाकून पाहायला लागला. खोटं वाकणं ओळखू येतं. हे खोटं नव्हतं, हे लिहितो.

चहा घेऊन नंदा आली आणि ट्रे ठेवून परत गेली नाही. खुर्ची ओढून बसली. पाहुण्यांसमोर ती सहसा बसत नाही.

कागदावरचं जसंच्या तसं: थानचे सगळे हक्क कंपनीकडे. पहिल्या पडद्यावर माझं नाव, कायमचं. कामाची जागा जबलपूरच. माझ्या हाताखाली दोन माणसं शिकतील. "त्यातली एक तुमच्या ओळखीची आहे, अनुपम वस्त्र भांडारातली. त्यांची वही पाहिली मी. अशी नोंद आमच्याकडे पगारी माणसं ठेवत नाहीत." मदतीची पानं नव्यानं, मराठीत आणि हिंदीत, लेखन सौ. नंदा देशकर, दरमहा मानधन वेगळं. "काकू, तुमची पानं वाचून मी थान शिकलो," असं तो नंदाकडे पाहून म्हणाला. नंदानं पदर सारखा केला.

आणि एकच अट. कोड घुसळणीच्या आधीचं पाहिजे. "तुम्ही दिलेली नावं तशीच हवीत, काका. वाचता आलं पाहिजे."

मी कागदाची घडी घातली. मधोमध, मग पुन्हा मधोमध, कडा जुळवून. त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, थान विकायचं नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं स्वतःचं लिहावं.

तो काही क्षण नंदाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. नमस्कार करून गेला. बूट घालायला त्याला वेळ लागला.

नंदानं कप उचलले. मोरीपर्यंत गेली आणि तिथूनच विचारलं, "किती म्हणून राहिले होते?"

मी म्हटलं, "किरकोळ."

"किरकोळ म्हणजे?"

"लिहिण्यासारखं नाही."

नळ सोडल्याचा आवाज आला.

वहीत मात्र मी कधी चुकीचं लिहिलेलं नाही, आणि आज सुरू करणार नाही. नाकारलेला प्रस्ताव, रक्कम आकड्यात आणि अक्षरी: रु. २१,४०,०००. एकवीस लाख चाळीस हजार फक्त.